मोठी लढाई, छोटी लढाई

बाबा, सगळ्यांना कळवून झालं. नागपूरला कळवलं, अमरावतीच्या आत्यांना कळवलं. कारखान्यातल्या तुमच्या जुन्या मंडळींना तर कळवावंच लागलं नाही, ते आमच्याआधी दारात हजर होते. तेरवी झाली, पाहुणे पांगले, उरलेली बुंदी शेजारीपाजारी वाटून झाली. आणि मग भांडी आवरता आवरता आई मला म्हणाल्या, "त्या तुमच्या गेमातल्या लोकायले सांगितलं का व?"

नव्हतं सांगितलं. विसरले म्हणून नाही, सांगायचंच नव्हतं. तेवढ्या एका जागी तुम्ही अजून होतात. तिथल्या लोकांच्या लेखी त्यांचे जबलपूर अंकल, म्हणजे तुम्ही, कुठेतरी गावाला गेलेले, येतीलच एखाद्या रविवारी. एक तरी जागा अशी राहू द्यावी असं मला वाटत होतं. शिवाय सांगायचं तरी कोणाला? ज्या लोकांवरून मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडले की बाबा, ही नुसती गर्दी आहे, यातल्या एकालाही तुम्ही माहीत नाही, त्याच गर्दीपुढे उभं राहून मी काय बोलणार होते?

आईंना मी म्हटलं, "सांगते." आणि पुढचे दोन रविवार टीव्हीच्या वाटेला गेले नाही.

सासरा आणि सून शेजारी बसून परग्रहावर बंदुका घेऊन धावतात, हे आपल्या घराबाहेर कोणाला खरं वाटायचं नाही. मलाही कुठे वाटलं होतं! लग्नात माझ्या सामानासोबत तो व्हिडिओ गेमचा काळा डबा आला तेव्हा आईंना वाटलं मिक्सरच आहे. नागपूरला मी आणि माझा भाऊ त्याच्यावर तासन्‌तास खेळायचो. इथे जबलपूरला आल्यावर मात्र तो काढायचा धीर झाला नाही. नवी सून, रेल्वेच्या ऑफिसात नवी बदली, घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि माझा नवरा, तुमचा निखिल, तर घरातसुद्धा मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारा. मी संध्याकाळी येऊन खोलीत बसून राहायची. कोणी काही म्हणत नव्हतं, कोणी वाईट नव्हतं, पण मला करमत नव्हतं.

एका रविवारी जेवणं झाल्यावर तुम्ही हाक मारलीत. "पोरी, त्या डब्यात काय आहे ते लाव बरं. आमची ही म्हणते मिक्सर आहे. मिक्सर असंल तं चटणी वाट, नसंल तं दाखव."

मी लावला. तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकून बघत राहिलात. पडद्यावर दोन सूर्यांचं आकाश, लालभडक दरी, चिलखतं घातलेली माणसं आणि मधूनच वरून जाणारी याने. मला वाटलं, आता म्हणाल की हे काय पोरकट. तुम्ही बोट दाखवून विचारलंत, "ती गाडी कोण चालवून राहिला?"

तुमचा सगळा जन्म लष्कराचे नवे ट्रक चालवून बघण्यात गेलेला. कारखान्यातून ट्रक बाहेर पडला की तो चढावर, उतारावर, खड्ड्यांतून फिरवून आणायचा आणि मगच पुढे पाठवायचा, हे तुमचं काम. तेव्हा तुम्हाला त्या सगळ्या धुमाळीत दिसली ती फक्त माणसं वाहून नेणारी मोठी गाडी. चाकं नसलेली, जमिनीपासून हातभर वर तरंगणारी. मी तुमच्या हातात कंट्रोलर दिला आणि तुम्ही ती पहिल्याच वळणावर खडकावर घातलीत. "गियर नाही, क्लच नाही, हिला गाडी म्हणते?" असं म्हणालात, आणि पुन्हा सुरू केलीत. निखिल तेव्हा क्रिकेटची मॅच लावायला आला होता. "बाबा, आप भी?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. त्या दिवसापासून रविवारची दुपार त्याच्या हातून गेली ती गेलीच.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं.

मला छोटी लढाई आवडते. चारास चार. एक बंद अंतराळतळ, दोन जिने, एक अरुंद बोगदा. कोण कुठे आहे हे पावलांच्या आवाजावरून कळतं. जिंकलो तर का जिंकलो ते कळतं, हरलो तर कोणामुळे हरलो तेही कळतं. तुम्हाला पाहिजे मोठी लढाई. दोन्हीकडची मिळून साठ-सत्तर माणसं, मैलभर पसरलेली दरी, पाच-सहा ठाणी, ती जिंकायची आणि धरून ठेवायची. नुसती मारामारीची पद्धत तर तुम्हाला मुळीच पटायची नाही. "मारा, मरा, उठा, पुन्हा मारा. यात हाती काय लागते? ठाणं घेतलं तं काही तरी घेतलं म्हणता येते."

"पण बाबा, साठ जणांत आपण असलो काय, नसलो काय, कोणाला पत्ता लागतो?"

"आणि चौघांत काय आहे? चौघं तं आपण घरातच आहो. त्यासाठी दुसऱ्या ग्रहावर काहून जायचं?"

मी दात-ओठ खात, माझा माइक बंद ठेवून तुमच्या मोठ्या लढाईत यायची. कधी तुमच्या गाडीत मागे बसायची, कधी पायीच पुढे पळायची, कारण तुमची गाडी वेळेवर निघेल याची काही खात्री नव्हती. तुमचा तो नियम होता ना. लष्कराचा ताफा निघतो तेव्हा शेवटचा माणूस चढल्याशिवाय पहिला ट्रक हलत नाही. तो नियम तुम्ही परग्रहावर नेलात. पाच सीटा भरल्या तरी सहाव्यासाठी थांबायचं. आजूबाजूला गोळे पडताहेत, समोरचं ठाणं हातचं चाललंय, मी ओरडतेय, "बाबा, निघा ना!" आणि तुम्ही शांतपणे हॉर्न वाजवत, "एक जण येऊन राहिला. येऊ दे त्याले." तो येणारा बहुतेक वेळा वाटेतच पडायचा. कधीकधी तो आपल्या बाजूचा नसायचाच. एकदा तर तुम्ही शत्रूचाच माणूस गाडीत येऊन बसेपर्यंत वाट पाहिलीत, आणि त्यानं आत बसून सगळ्यांचा निकाल लावला. मी इतकी चिडले की हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेले. तुम्ही मागून म्हणालात, "पण आला होता तं पळतच बिचारा."

दरीतल्या जागांना तुम्ही दिलेली जबलपूरची नावं आठवली की मला आजही हसू आवरत नाही. दोन सुळक्यांमधली अरुंद वाट, जिथे सगळ्यांची कोंडी व्हायची, ते तुमचं कमानिया गेट. पलीकडचा निळ्या पाण्याचा बांध म्हणजे बरगी. आणि सेनापतींचे ते नीटनेटके, झाडं लावलेले घुमट दिसले की "सिविल लाइंस आली, हॉर्न हळू वाजवा." तुम्ही हे माइकवर बोलायचात आणि ऐकणारे कोण, तर रायपूर, सागर, कुठल्या कुठल्या शहरांतली माणसं. ज्यांनी जन्मात जबलपूर पाहिलं नाही ते घाबऱ्या आवाजात ओरडायचे, "अंकल, कमानिया गेट पे तीन आ गए!" तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवायचात. मी म्हणायची, "नावं पाठ झाली म्हणजे ओळख झाली असं नाही. त्यांना तुमचं तरी नाव माहीत आहे का?" तुमचं खेळातलं नाव मीच घालून दिलं होतं, जबलपूर अंकल. त्यापलीकडे कोणी कधी विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "नाव काहून पाहिजे? बसतात न गाडीत."

आईंचा राग फक्त एका गोष्टीवर. आपण दोघं खेळताना सारखं "मेलो, मेले" करायचो. मेथी निवडता निवडता त्या एकदा कडाडल्या, "भरल्या घरात काय लावलं रे हे? दुपारच्या वेळी शुभ बोलत जा." तेव्हापासून आपल्या घरात कोणी मेलं नाही. गोळी लागली की "मी चहाला गेलो" म्हणायचं. त्यातही तुम्ही असे की दिवसभरात इतक्यांदा चहाला जायचात, की आईंनी विचारलं, "अरे बाप्पा, हे लढतात कधी?"

छोट्या लढाईत तुम्ही माझ्यासोबत अगदी सुरुवातीला आलात ते तेवढंच. दोन-चार डाव झाले असतील. तुमची बोटं बटणावर पोचेपर्यंत समोरचा येऊन जायचा. आपण सगळे डाव हरलो. मी कपाळाला हात लावला असेल, ओरडले असेन, मला आठवत नाही, पण त्यानंतर कधी म्हटलं, "बाबा, आज चारास चार?" की तुम्ही झटकून टाकायचात. "त्या बोगद्यात माहा दम घुटते. गाडी नाही, घोडं नाही. तू खेळ." आणि मी खेळत असले की मागे बसून शेरे मारायचात. "काय ते उंदरासारखं जिन्यावरून वरखाली पळून राहिली! ही काय लढाई आहे?" मी जिंकले तरी तेच. "बरं झालं, जिंकली. आता माही गाडी लाव."

एवढ्या वर्षांत माझ्या खेळाला तुम्ही एकदाही चांगलं म्हटलं नाहीत. माझी पोळी, माझी नोकरी, माझं हिंदी, सगळ्याचं कौतुक तुमच्या तोंडात असायचं. एवढ्या एका बाबतीत मात्र दात घट्ट मिटलेले. मला याचं वाईट वाटायचं. हसण्यावारी न्यायची, पण वाटायचं.

आणि हे सगळं असं अर्धवट टाकून तुम्ही सकाळी फिरायला गेलात आणि बागेतल्या बाकावर बसलेले तसेच गेलात. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. आम्हाला मात्र कळलं ना, बाबा. आई अजून तुमची चहाची कपबशी विसळून ओट्यावर पालथी घालतात.

तर परवाच्या रविवारी मी टीव्ही लावला. मनाशी ठरवलं होतं, एक छोटासा निरोप लिहायचा आणि बंद करायचं. बोलायचं नाही. पण शेवटचे तुम्हीच खेळला होतात, त्यामुळे खेळ उघडला तो तुमच्या नावावर. मी बदलायच्या आत हेडफोनमध्ये एकदम गलका झाला.

"अरे, अंकल आ गए! अंकलजी, कहाँ थे इतने दिन?"

"जबलपूर अंकल! आ जाओ, आ जाओ, गाड़ी आपकी ही रखी है।"

माझा माइक बंद होता. डाव सुरू झाला, सगळे दरीत उतरले, आणि मी बघते तर काय, ती मोठी गाडी उभी, मागच्या सीटा भरत आलेल्या आणि ड्रायव्हरची सीट रिकामी. साठ-सत्तर माणसांच्या त्या झुंबडीत तिथे कोणी बसलं नव्हतं. तुमच्यासाठी ठेवली होती. मी बसले. दुसरं काय करणार होते?

आणि मी निघाले, बाबा. मी इतकी वर्षं तुम्हाला ओरडून सांगत होते तशीच, झटकन. पाच सीटा भरल्या होत्या, सहावा मागून पळत येत होता, मी पाहिलं आणि गाडी काढली. डाव जिंकायचा तर असंच जायला पाहिजे.

कमानिया गेटपर्यंत पोचले नसेन तोवर आतला गलका थांबला. मग एका बाईचा आवाज आला. रायपूरची मीनू दीदी. तुमच्या तोंडून नाव ऐकलेलं, शाळेत शिकवते म्हणायचात.

"ये अंकल नहीं हैं।"

"क्या बोल रही हो दीदी, नाम तो उनका ही है," सागरचा इरफान म्हणाला. त्याचं मोबाइलचं दुकान आहे, हेही तुम्हीच सांगितलेलं.

"नाम छोड़ो। अंकल किसी को छोड़ के नहीं निकलते। कौन चला रहा है?"

इतक्या वर्षांचं भांडण आणि तुम्ही ते असं जिंकलात, इथे नसताना, माझ्याच हातून. मी माइक सुरू केला. "मैं उनकी बहू बोल रही हूँ। रश्मी।"

आणि बाबा, मला वाटलं होतं शांतता पसरेल. तर उलटंच झालं. चार-पाच जण एकदम ओरडले. "रश्मी भाभी? वो छोटी लड़ाई वाली?"

"भाभी, आप तो मशहूर हो यहाँ!" इरफान म्हणाला. "अंकल जब अकेले आते हैं, यही सुनाते हैं। मेरी बहू अकेली बची थी, सामने चार थे, चारों को निपटा दिया। कोई हम में से अच्छा खेल ले तो बोलते हैं, ठीक है, पर मेरी बहू को देखो तो समझोगे।"

सुनाते हैं. बोलते हैं. तो माणूस तुमच्याबद्दल असं बोलत होता जणू तुम्ही आत चूळ भरायला गेला आहात. मी ऑफिसला रविवारची ड्यूटी करायची तेव्हा तुम्ही एकटे खेळत बसायचात, ते हे बोलण्यासाठी! माझ्यापुढे उंदीर आणि रायपूर-सागरपुढे हे?

मग मात्र सांगावंच लागलं. हिंदीत कसं सांगतात तेही धड सुचेना. "अंकल नहीं रहे," एवढंच म्हटलं. दरीत गोळे पडत होते, आपली ठाणी एकेक करून जात होती, आणि गाडीतली पाचही माणसं न हलता बसून होती.

मग मीनू दीदीनं विचारलं, "भाभी, उनका नाम क्या था?"

मी पूर्ण नाव सांगितलं. मधुकर केशवराव. त्या गर्दीत तुमचं नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. दोघांतिघांनी ते हळूच म्हणून पाहिलं, मधुकर अंकल, मधुकरजी, आणि मला त्यांचा अजिबात राग आला नाही.

"एक बार मैंने पूछा था," मीनू दीदी म्हणाली, "कि अंकल, बहू इतना अच्छा खेलती है तो आप उसके साथ छोटी वाली क्यों नहीं खेलते? तो हँसने लगे। बोले, बेटा, साठ में एक बूढ़ा गाड़ी ठोक दे तो चल जाता है। चार में एक मैं होऊँगा तो बहू हारेगी। और मेरी बहू को हारना बिलकुल पसंद नहीं है।"

मी गाडी थांबवली. तिथेच, ऐन कमानिया गेटात. मला पडदा दिसेनासा झाला होता. बोगद्यात दम घुटते म्हणे! इतकी वर्षं मी समजत होते की आपण लढायांबद्दल भांडतोय.

तेवढ्यात हेडफोनमध्ये एक धापा टाकणारा आवाज आला. "भाभीजी, सॉरी, ग़लत टाइम पे बोल रहा हूँ। पर मैं पीछे ही छूट गया हूँ। और अभी अकेला हूँ यहाँ।"

आधी इरफान हसला. मग मीनू दीदी. मग मी. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसू थांबत नाही अशी माझी गत झाली. मी गाडी वळवली. सगळा शत्रू समोर सोडून, भर लढाईत, आपल्या माणसांनी भरलेली गाडी उलटी घेऊन निघाले, आणि पाचांतल्या एकानेही "काय करतेस" म्हणून विचारलं नाही. तो बिचारा भेटला, सहाव्या सीटवर बसला. तोवर आपल्याकडे एकही ठाणं उरलं नव्हतं. इतका वाईट डाव मी जन्मात हरले नव्हते.

आई दारात उभ्या होत्या. किती वेळच्या होत्या कोण जाणे. "सांगितलं का?"

"सांगितलं, आई."

"जिंकली?"

"नाही. सपाटून हरलो."

"मंग काहून हसून राहिली?"

त्यांना मी सगळं सांगितलं. मीनू दीदीचं बोलणं सांगितलं तेव्हा त्या माझ्याशेजारी, तुमच्या जागेवर बसल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मले तं ते रोजच सांगत. पोरगी वाघीण आहे म्हणत. तुले नाही सांगितलं कधी?"

नाही सांगितलंत, बाबा. आणि मीही एक सांगितलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला हरायला आवडत नाही, हे खरं आहे. पण त्या बोगद्यात, त्या दोन जिन्यांवर, चारांतले एक तुम्ही असतात, तर मी दर रविवारी आनंदानं हरले असते.